पुंगळीची पुनर्घडण आणि डायची निवड : ‘थ्री नॉट थ्री’ काडतुसासंबंधीं विवरण

ऐतिहासिक साधनांची परीक्षा करतांना कागदाचा पोत, अक्षराचें वळण, शाईचा रंग आणि मोर्तबाची जागा यांचा विचार करण्याची शिस्त आपल्याकडे आतां चांगली रुजली आहे. नाण्याचें वजन आणि ठसा हीं दोन्ही तपासल्याशिवाय जाणता मनुष्य कालनिर्णय करीत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या इतिहासाचें एक विपुल साधन असें आहे कीं, त्याची परीक्षा बहुधा केवळ ठशावरून उरकली जाते. तें साधन म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी.

पुंगळीच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं अक्षरें आणि ‘४३’ हा आंकडा दिसला, तर ती खडकीच्या कारखान्यांत १९४३ सालीं तयार झाली एवढें मान्य करण्यास हरकत नाहीं. यापुढें जाऊन ‘म्हणून ती त्याच सुमारास झाडली गेली’ असें अनुमान जेव्हां केलें जातें, तेव्हां हेतु आणि साध्य यांमधील व्याप्तीच सिद्ध झालेली नसते. काडतूस वीस-तीस वर्षें कोठारांत पडून राहूं शकतें, हें एक. आणि एकदां झाडलेली पुंगळी मापांत आणून, तींत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून ती पुन्हां झाडतां येते, हें दुसरें. पहिली गोष्ट सर्वांच्या लक्षांत येते. दुसरी सहसा येत नाहीं. पुंगळी मापांत आणण्याचें जें पोलादी साधन, त्यास कारखान्याच्या बोलींत ‘डाय’ म्हणतात. डाय अनेक प्रकारच्या असतात, आणि त्यांपैकीं कोणती निवडली यावर पुंगळीचें आयुष्य, तिच्या अंगावरील खुणा आणि प्रसंगीं बंदूक धरणाऱ्याचा डोळाहि अवलंबून असतो. या निवडीचीं तत्त्वें आपल्या देशाशीं ज्याचा निकट संबंध आहे अशा एकाच काडतुसाच्या आधारें येथें सांगावयाचीं आहेत.

हें काडतूस ०.३०३ इंची होय. आपल्याकडे यास लहान पोरेंहि ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखतात. १८८८ सालीं ब्रिटिश सैन्यानें ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली, तिच्याबरोबर तें आलें. १८९५ पासून ली-एन्फील्ड रायफलीनें तें पुढें चालविलें. १९१० सालीं त्याचा ‘मार्क सात’ हा प्रकार ठरला; त्यांत १७४ ग्रेन वजनाची टोकदार गोळी असून तिचा वेग सेकंदास सुमारें २४४० फूट असे. रायफली बंगालमध्यें ईशापूर येथें, आणि काडतुसें डमडम व खडकी येथें होत. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. १९६२ च्या चीनयुद्धानंतर ही रायफल सैन्यांतून क्रमाक्रमानें गेली, तरी पोलिसांच्या खांद्यावर ती पुष्कळ काळ राहिली. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तिला समारंभानें निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील शिकारी व नेमबाज तिचा उपयोग अद्यापहि करतात, आणि पुंगळ्या पुन्हां भरण्याचा उद्योग मुख्यतः त्यांचाच आहे.

पुंगळीचे भाग प्रथम ध्यानांत घ्यावे. तळाशीं बूड, बुडाभोंवतीं बाहेर आलेली कड, वर निमुळतें होत जाणारें धड, मग एकदम आंत वळणारा खांदा, आणि खांद्यावर गोळी धरून ठेवणारा गळा. पूर्ण लांबी २.२२२ इंच, बुडापाशीं धडाची जाडी सुमारें ०.४६०, खांद्यापाशीं ०.४०१, आणि कडेचा व्यास ०.५४० इंच. कडेची उंची अधिकांत अधिक ०.०६४ इंच असावी असा नियम आहे. पुढें ‘हजारांश’ हा शब्द इंचाच्या हजाराव्या भागासाठीं योजला आहे. मनुष्याच्या केंसाची जाडी सुमारें तीन हजारांश असते, हें मनांत ठेवल्यास प्रमाणाची कल्पना येईल. नळीच्या मागच्या टोकाशीं काडतूस बसण्यासाठीं कोरलेल्या जागेस, म्हणजे ज्यास चेंबर म्हणतात त्यास, ‘कोठा’ म्हणूं.

घोडा ओढतांच टोपी पेटते, दारूचा वायु होतो आणि त्याच्या दाबानें पुंगळी फुगून कोठ्याच्या भिंतीस चिकटते. त्यामुळें वायु मागें येत नाहीं. हेंच पितळी पुंगळीचें खरें कार्य होय. दाब उतरल्यावर पितळ आपल्या लवचिकपणानें किंचित् आक्रसतें व पुंगळी बाहेर काढतां येते. परंतु तें मूळच्या मापावर परत येत नाहीं. झाडलेली पुंगळी ही त्या एका विशिष्ट कोठ्याची जवळजवळ हुबेहूब प्रतिकृति असते. न्यायाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर कारखान्यांतून ती जाति घेऊन निघाली होती, कोठ्यांतून ती व्यक्ति होऊन बाहेर आली. जुन्या तोंडानें भरण्याच्या रायफलीबरोबर बंदूक करणारा कारागीर गोळ्या ओतण्याचा सांचाहि देत असे, आणि त्या सांच्यांतील गोळी त्याच बंदुकीस नेमकी लागे. तो जुना संबंध येथें निराळ्या रूपानें पुन्हां उत्पन्न होतो.

आतां अडचण अशी कीं, ली-एन्फील्डचे कोठे मुद्दाम सैल ठेवलेले आहेत. याला कारणें आहेत. १८८५ च्या जानेवारींत सुदानांत अबू क्लीच्या लढाईंत मार्टिनी-हेन्री रायफलींत पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळलेल्या पुंगळ्या अडकून बसल्या, आणि त्याचा विलायतेंत मोठा बोभाटा झाला. पुढें १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर कॅनडाच्या सैनिकांच्या रॉस रायफली चिखलानें व ब्रिटिश बनावटीच्या काडतुसांनीं अडून बसूं लागल्या. त्यांचे कोठे घट्ट कोरलेले होते, नेमबाजीच्या मैदानास तें शोभलें असतें. खंदकांतील रायफलीस मळलेलें, ओलें, जरा वांकडें काडतूसहि गिळतां आलें पाहिजे, या विचारानें ली-एन्फील्डचा कोठा धडाला व खांद्याला ऐसपैस ठेवला गेला. काडतूस आंत किती जावें हें कड ठरविते, खांदा नव्हे. म्हणून खांद्यापुढें रिकामी जागा राहिली तरी सैनिकाचें कांहीं बिघडत नसे. त्यानें पुंगळी एकदांच वापरावयाची होती. ती उचलून पुन्हां भरणाराचें मात्र सर्व कांहीं याच रिकाम्या जागेवर अवलंबून आहे.

या प्रश्नास दुसरेंहि एक अंग आहे. बोल्टाचा पुढचा भाग आणि कड जेथें टेकते तो नळीचा काठ यांमधील अंतरास हेडस्पेस म्हणतात. सैन्याच्या मापांप्रमाणें तें ६४ हजारांशांपेक्षां कमी व ७४ पेक्षां अधिक नसावें. एखाद्या पुंगळीची कड ६० हजारांशच असली आणि कोठा ७४ च्या सीमेवर असला, तर पुंगळीस मागें-पुढें हलण्यास १४ हजारांश मोकळीक मिळते. टोपीवर खिळ्याचा आघात होतांच पुंगळी पुढें ढकलली जाते. दाब चढतांच तिचें पुढचें पातळ धड भिंतीस घट्ट धरतें. बूड मात्र जाड असल्यामुळें धरत नाहीं, तें मागें सरकून बोल्टावर आदळतें. मधलें पितळ तेवढें ताणलें जातें. शिवाय ली-एन्फील्डच्या बोल्टाचे अडणे मागील बाजूस असल्यामुळें दाबाखालीं बोल्ट स्वतःच किंचित् दबतो, आणि ताण वाढतो. चौथ्या नंबरच्या रायफलीस ०, १, २, ३ अशा क्रमानें वाढत्या लांबीचीं बोल्टाचीं डोकीं याच मोकळिकीच्या नियमनासाठीं केलेलीं होतीं.

आतां डाय. सोनार सोन्याची तार जंत्राच्या भोंकांतून ओढून बारीक करतो. डायमध्यें हेंच काम दाबानें होतें. पुंगळी यंत्राच्या दांड्यावर धरून कठीण पोलादाच्या पोकळींत चढविली कीं तिचें अंग आंत दाबलें जातें. पोकळीचा घाट कसा आहे आणि पुंगळी तींत किती खोल जाते, या दोहोंत डायच्या निवडीचें सारें रहस्य आहे.

पहिला प्रकार पूर्णांग डायचा. ही धड, खांदा व गळा या तिघांनाहि एकदम दाबून पुंगळीस जवळजवळ कारखान्यांतील मापावर आणते. बाजारांत डायची जी साधी जोडी मिळते तींत बहुधा हीच असते, आणि बरोबरच्या पत्रकांत ‘पुंगळीधारकास टेकेपर्यंत डाय खालीं आणावी’ असें सांगितलेलें असतें. कडेशिवायच्या काडतुसासहि ही सूचना सावधपणें पाळावी लागते, ०.३०३ च्या बाबतींत ती निमूटपणें पाळणें म्हणजे पितळाचा नाश आपल्या हातानें करणें होय. कारण डायचा खांदा कमींत कमी मापाच्या कोठ्यासाठीं केलेला, आणि रायफलीचा खांदा तर दूर पुढें. एका बारांत पुंगळीचा खांदा पुढें जातो, डायमध्यें तो मागें ढकलला जातो, पुढच्या बारांत पुन्हां पुढें जातो. प्रत्येक फेरींत बुडाच्या वर अर्ध्या इंचाच्या आंत पितळ पातळ होत जातें, आणि तेथें एक चकचकीत वलय दिसूं लागतें. लोखंडी तारेचें टोंक आंकड्यासारखें वांकवून आंतून फिरविल्यास त्या जागीं खांच लागते. अशी पुंगळी आणखी एक-दोन बारांत दुभंगते. पुढचा तुकडा कोठ्यांत अडकून राहतो, आणि तापलेला वायु बोल्टाच्या बाजूनें झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. चष्मा लावल्याशिवाय रायफल झाडूं नये, हा नियम उगीच झालेला नाहीं.

दुसरा प्रकार कंठमात्र डायचा. हिच्यांत धड मोकळें राहतें. केवळ गळा आवळला जातो, म्हणजे नवी गोळी त्यांत धरून राहील. खांद्यास स्पर्श होत नसल्यामुळें पुढच्या वेळीं पुंगळी कडेवर नव्हे तर स्वतःच्या खांद्यावर कोठ्यांत टेकते, आणि हेडस्पेसची मोकळीक जवळजवळ नाहींशी होते. सैल कोठ्याच्या रायफलीस ही डाय फार मानवते. जॉन बार्लो यानें १८८४ सालापासून अमेरिकेंत ‘आयडियल’ या नांवानें जीं अडकित्त्यासारखीं हातसाधनें विकलीं, त्या जातीचीं साधनें गळाच तेवढा आवळीत. दोन हातांच्या जोरांत याहून अधिक होतहि नसे. पुढें टेबलास जखडण्याचीं भक्कम दांड्याचीं यंत्रें आलीं, आणि पूर्णांग डाय वापरणें सोपें झालें. सोपें झालें म्हणून तें करावें, असा मोह पडणें स्वाभाविक होतें.

कंठमात्र डायमध्येंहि भेद आहेत. साध्या डायमध्यें गळा आधीं गरजेपेक्षां अधिक आवळला जातो, आणि पुंगळी बाहेर येतांना मधल्या दांडीवरील गोळा त्यांतून ओढला जाऊन तो योग्य रुंदीचा होतो. या ओढण्यानें गळा लांबतो व कधीं वांकडा होतो. गळ्याच्या आंत थोडें ओंगण लावल्यास त्रास कमी होतो. दुसऱ्या जातींत मधें एक गुळगुळीत दांडी असते आणि चार फांकांची चिमटी गळ्यास बाहेरून त्या दांडीवर दाबते. हिला तेल लागत नाहीं, पितळ कमी ओढलें जातें, आणि गळा सरळ राहतो. लीची या जातीची डाय नेमबाजांत प्रसिद्ध आहे. तिसऱ्या जातींत बदलतां येण्याजोगें कडें असतें, आणि गळ्याच्या पितळाची जाडी मोजून त्या मापाचें कडें घालतात. ०.३०३ च्या सैनिकी रायफलीस या तिसऱ्या जातीची चैन मला अनावश्यक वाटते. जिच्या नळीचें माप एका रायफलींत ०.३११ तर दुसरींत ०.३१५ इंच असूं शकतें, तिच्या गळ्याचा एक हजारांश इकडे-तिकडे करण्यांत काय मिळणार? त्यापेक्षां मधल्या गोळ्याचें माप आपण वापरणार त्या गोळीशीं जुळतें कीं नाहीं, हें पाहणें अधिक महत्त्वाचें. गोळीच्या व्यासाहून गळ्याचा आंतील व्यास दोन-तीन हजारांश कमी असला कीं पुरे. शिशाच्या जाड गोळीस अरुंद गळा दिला तर तो तिची त्वचाच सोलून काढतो.

कंठमात्र डायनेंच निरंतर भागेल असें मात्र समजूं नये. दर बारास धड थोडें थोडें भरत जातें, आणि अखेर बोल्ट बंद करतांना हात जड लागतो. तेव्हां मध्यममार्ग घ्यावा. पूर्णांग डायच वापरावी, पण ती यंत्रांत वर ठेवून, पुंगळीचा खांदा एक-दोन हजारांशच मागें सरेल इतकीच खालीं आणावी. दिव्याच्या काजळीनें खांदा काळा करून डाय कोठें स्पर्श करते हें पाहतां येतें. मापयंत्र असल्यास उत्तमच. केवळ गळाच आवळला तर अव्याप्ति, मूळ मापापर्यंत सर्वांग दाबलें तर अतिव्याप्ति. या दोहोंच्या मधें योग्य लक्षण आहे. ज्याच्याजवळ एकच रायफल आहे आणि एकच डाय घेण्याचें सामर्थ्य आहे, त्यानें माझ्या मतें पूर्णांग डाय घेऊन ती अशा रीतीनें लावावी. दोन घेतां येत असतील तर चिमटीची कंठमात्र डाय रोजच्यासाठीं आणि पूर्णांग डाय अधूनमधून. निरनिराळ्या रायफलींच्या पुंगळ्या एकत्र मिसळणाऱ्यास मात्र पूर्णांग डायवांचून गत्यंतर नाहीं, आणि त्यानें पुंगळ्यांच्या अल्पायुष्याबद्दल तक्रार करूं नये. अर्धस्वयंचलित रायफलींसाठीं बुडापाशीं अधिक दाबणारी एक डाय मिळते. बोल्ट हातानें ओढण्याच्या या रायफलीस तिचें प्रयोजन नाहीं.

अगदीं नव्या पुंगळीच्या पहिल्या बारांत डायचा उपाय चालत नाहीं, कारण खांदा अद्याप मागेंच असतो. त्यासाठीं कडेच्या पुढें पुंगळीवर एक बारीक रबरी कडें चढवितात. तें पुंगळीस मागें बोल्टाशीं दाबून धरतें, आणि ताण बुडाजवळ न पडतां खांदा पुढें भरून येतो. युक्ति दोन पैशांची आहे, पण पुंगळीचें आयुष्य तिनें पुष्कळ वाढतें.

टोपीचा प्रकारहि डायच्या निवडींत येतो. बहुतेक डायच्या मधल्या दांडीच्या टोंकास एक पिन असते. ती बुडाच्या मध्यावरील छिद्रांतून जाऊन जुनी टोपी बाहेर ढकलते. पुंगळीस असें मध्यछिद्र असावें लागतें, व त्या रचनेस इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याचें नांव आहे. अमेरिकन हायरम बर्डन याच्या रचनेंत ऐरण पुंगळीच्याच पितळाची असून तिच्या बाजूंस दोन बारीक छिद्रें असतात; तेथें पिन जात नाहीं, मोडते. दैवाचा खेळ असा कीं अमेरिकेनें इंग्रजाची रचना उचलली आणि ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकी कारखान्यांनीं अमेरिकनाची. खडकीच्या ०.३०३ पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या असल्यामुळें त्या पुन्हां भरणें फार कटकटीचें आहे. दुसऱ्या महायुद्धांत कॅनडा व अमेरिका येथें झालेल्या पुष्कळ ०.३०३ पुंगळ्या बॉक्सर पद्धतीच्या असून त्या सहज भरतां येतात. तेव्हां ज्या पुंगळीचा कालनिर्णय करावयाचा, तिच्या तोंडांतून उजेड पाडून तळाशीं एक छिद्र आहे कीं दोन, हें संशोधकानें ठसा वाचण्यापूर्वींच पाहावें.

पितळाच्या स्वभावाबद्दल थोडें सांगणें अवश्य आहे. वारंवार दाबल्यानें व फुगल्यानें पितळ कठीण व ठिसूळ होतें, आणि गळा उभा चिरतो. पुण्याच्या तांबट आळींत हंड्यावर ठोके घालतांना मधून मधून तो भट्टींत तापवून नरम करतात, तोच उपाय येथें. मात्र तापवावयाचा केवळ गळा व खांदा. बूड नरम झालें तर तें दाब सोसणार नाहीं. या विषयांत आपल्या देशाच्या हवेनें धातुशास्त्रास एक धडा दिला आहे. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्यांत साठवलेल्या काडतुसांचे गळे आपोआप तडकत. यास ‘ऋतूची तडक’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव पडलें. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं याचा उलगडा केला. काडतुसें घोड्यांच्या पागांजवळ ठेवीत. तेथील मूत्रांतून निघणारा अमोनिया वायु, दमट हवा, आणि गळा आवळतांना पितळांत राहून गेलेला ताण, या तिहींच्या संयोगानें तडा जाई. गळा तापवून ताण काढून टाकला कीं तडा थांबे. डायनें आवळलेल्या प्रत्येक गळ्यांत असाच ताण राहतो, म्हणून अमोनियायुक्त द्रव्यानें पुंगळ्या उजळण्याची संवय वाईट. संग्रहालयांत पितळेची भांडीं घासण्याच्या द्रव्यानें जुनीं काडतुसें चकचकीत करणारांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

कारखान्यांतहि डाय असतेच. कॉर्डाइट ही दारू दोरीसारख्या काड्यांची. तिची जुडी अरुंद गळ्यांतून घालणें कठीण, म्हणून पुंगळी सरळ नळीसारखी असतांनाच जुडी आंत ठेवून मग गळा आवळीत. दारू पोटांत असतां गळा घडविलेलीं हीं काडतुसें पुष्कळांनीं हाताळलीं असतील, पण ही गोष्ट ऐकून प्रत्येकजण प्रथम चकित होतो.

आतां संशोधकाच्या उपयोगाच्या खुणा. झाडलेली व न आवळलेली पुंगळी गोळी धरीत नाहीं, ०.३११ इंची गोळी तिच्या गळ्यांतून सहज आंत पडते. तिचा खांदा न झाडलेल्या काडतुसाच्या खांद्याहून पुढें असतो, आणि दोन्ही शेजारीं उभीं केल्यास हा फरक नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. पुन्हां भरलेल्या पुंगळीच्या तोंडाची कड आंतून-बाहेरून तिरपी कापलेली असते, कारण लांबलेला गळा छाटावा लागतो. चिमटीच्या डायनें गळ्यावर चार पुसट उभ्या रेषा उमटतात. अर्धवट आवळलेल्या गळ्यावर आडवी पायरी दिसते. पूर्णांग डायनें धडावर बारीक उभे ओरखडे येतात, आणि तेल अधिक झालें असेल तर खांद्यावर खळगे. शेवटच्या बारानें डायचें माप पुसून जातें हें खरें, पण पुनर्मुद्रित नाण्यावर जुना ठसा अंधुक उरावा तसे ओरखडे, छाटलेलें तोंड आणि बुडावरचें वलय उरतात. यांपैकीं एकहि खूण सांपडली, तर बुडावरील साल हें केवळ पितळाच्या जन्माचें साल समजावें.

ही परीक्षा रिकाम्या पुंगळीचीच करावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत दारूगोळ्याच्या व्याख्येंत त्याचे भाग व तो बनविण्याची यंत्रसामग्री हींहि येतात. म्हणून परवान्यावांचून डाय बाळगण्याचा प्रयोग आपल्याकडे कोणी करूं नये. शेतांत वा जुन्या वाड्यांत जिवंत काडतूस सांपडल्यास गोळी उपटून दारू पाहण्याच्या भरीस न पडतां पोलिसांस कळवावें. त्यापूर्वीं बुडावरील ठसा, सांपडण्याची जागा व जमिनीपासूनची खोली यांची नोंद मात्र हात न लावतां तेथल्या तेथें करून ठेवावी.